फुलांचा अर्थ, खड्यांचा अर्थ



फुले आणि खडे यांच्याशी आपणां बायकांचा संबंध जन्मापासूनचा. बारशाच्या पाळण्याला फुलांच्या माळा लागतात, लग्नात मुंडावळ्या आणि हार येतात, डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतात आणि शेवटच्या प्रवासालाही फुलेच सोबत येतात. खड्यांचेही तसेच. बाळाच्या मनगटात काळे मणी, नवरीच्या गळ्यात पोत, नथीत मोती, आणि ग्रहांची पीडा असली तर बोटात अंगठी. कोणते फूल केव्हा माळावे, कोणता खडा कोणी घालावा, ही जणू एक भाषाच आहे. ती शाळेत कोणी शिकवत नाही. आई, आजी, सासू यांच्याकडून ती आपल्याला आपोआप येते.

परंतु ही भाषा कोणी रचली? फुलाचा अर्थ फुलात असतो की माणसाच्या मनात? आणि माणसाने तो लावला असेल, तर माणसाला तो बदलता येतो की नाही? मंडळाच्या या स्मरणिकेत मी याचाच थोडा इतिहास सांगणार आहे. विषय वरवर शोभेचा दिसला, तरी आपल्यातल्या पुष्कळजणींच्या रोजच्या सुखदुःखाशी त्याची गाठ आहे, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

प्रथम देवघरात जाऊ. गणपतीला जास्वंद आणि दूर्वा, महादेवाला बेल आणि धोत्रा, विठोबाला तुळस, मारुतीला रुईची माळ. केवड्याला एवढा सुगंध, पण तो महादेवाला वाहत नाहीत. त्याची कथा पुराणात अशी आहे की, ब्रह्मदेवाच्या बाजूने केतकीने खोटी साक्ष दिली, म्हणून शंकराने तिला आपल्या पूजेतून दूर केले. तुळस विष्णूला इतकी प्रिय, पण गणपतीच्या रोजच्या पूजेत ती चालत नाही. म्हणजे एकच पान एका देव्हाऱ्यात पहिल्या मानाचे, तर दुसऱ्या देव्हाऱ्यात वर्ज्य. पान तेच, वासही तोच. फरक आहे तो आपण सांगत आलेल्या कथेचा.

आता आपल्या झेंडूचे पाहा. दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण नाही असे घर आपल्या गावात सापडणार नाही. नवरात्रात घटाला रोज माळ चढते. पहिली माळ पुष्कळ घरी विड्याच्या पानांची असते, मग कारळ्याच्या, तरवडाच्या फुलांची आणि झेंडूची. खंडेनवमीला नांगर, तिफण, शिलाईयंत्र, मोटारगाडी, सगळ्यांना झेंडू लागतो. इतके हे फूल आपले झाले आहे. पण ते मूळचे आपले नाही. त्याची जन्मभूमी समुद्रापलीकडे अमेरिका खंडात, मेक्सिको देशाकडे आहे. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकात गोव्याकडे स्थिरावले आणि त्यांच्या गलबतांतून तिकडची कितीतरी झाडे इकडे आली. मिरची, पेरू, अननस, सीताफळ ही त्यातलीच, आणि झेंडूही त्याच वाटेने आला असे जाणकार मानतात. गुलछडी आणि देवळापुढचा पांढरा चाफा यांचेही मूळ त्याच मुलखातले. तेव्हा ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी दसऱ्याच्या तोरणात झेंडू असणे शक्यच नव्हते. तोरण तेव्हा आंब्याच्या पानांचे असेल, इथल्या फुलांचे असेल.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. त्या मेक्सिकोत झेंडू हे मृतांचे फूल आहे. दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबरला तिकडे मृतांचा सण करतात. गेलेल्या माणसांना घराची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या वाटेवर पसरतात, थडगी झेंडूने झाकून टाकतात. आपल्याकडे दसरा-दिवाळी असते त्याच सुमारास तिकडे हा सण असतो. तेच केशरी फूल एका देशात लक्ष्मीला घरात बोलावते आणि दुसऱ्या देशात पितरांना. शेवंतीचेही असेच आहे. तिचे मूळ चीनकडचे. जपानमध्ये सोळा पाकळ्यांची शेवंती हे तिथल्या सम्राटाच्या घराण्याचे चिन्ह आहे, आणि फ्रान्समध्ये तीच शेवंती नोव्हेंबरात थडग्यांवर ठेवतात. तिकडे कोणाच्या घरी जाताना शेवंती घेऊन गेले तर ते अशुभ वाटेल. आपल्याकडे मात्र शेवंतीच्या वेणीशिवाय गौरी सजत नाहीत. यात कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे? दोघांचेही आपापल्या घरी खरे.

फुलांचे झाले; आता खड्यांकडे वळू. त्यासाठी लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातले तेर हे गाव गोरोबाकाकांचे म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण गोरोबाकाकांच्या आधी हजार-बाराशे वर्षे तेर ही मोठी बाजारपेठ होती आणि तिचे नाव तगर असे होते. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या व्यापाऱ्याच्या पुस्तकात तगरचा उल्लेख आहे. पैठणहून पट्ट्यापट्ट्यांचा अकीक जातीचा दगड आणि तगरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात असे, असे त्यात सांगितले आहे. तेरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात त्या जुन्या काळचे मणी आजही पाहायला मिळतात. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या भागातल्या बाया मणी ओवत होत्या, हे ते पाहिल्यावर कळते.

त्याच पुस्तकात भडोचला परदेशातून काय येत असे त्याचीही यादी आहे, आणि तीत पोवळे आहे. चांगले पोवळे येई ते रोमकडच्या समुद्रातून. त्याच काळात रोममध्ये प्लिनी नावाचा एक विद्वान होऊन गेला. तो इसवी सन ७९ मध्ये वारला. त्याने लिहून ठेवले आहे की, रोमच्या बायकांना हिंदुस्थानच्या मोत्यांचे जेवढे वेड, तेवढेच हिंदुस्थानच्या पुरुषांना पोवळ्याचे. आणि तिकडचे भविष्य सांगणारे लोक संकट टळावे म्हणून ते अंगावर धरतात. म्हणजे आपले मोती त्यांना हवे आणि त्यांचे पोवळे आपल्याला. दुरून येते त्याचे मोल जास्त वाटते, हा स्वभाव काही आजचा नाही. ते परके पोवळे पुढे आपल्याकडे मंगळाचे रत्न ठरले आणि पुष्कळ घरी सौभाग्याच्या पोतीतही जाऊन बसले.

नवरत्नांची यादी आपल्याला पाठ असते. सूर्याचे माणिक, चंद्राचे मोती, मंगळाचे पोवळे, बुधाचे पाचू, गुरूचे पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचे नीलम, राहूचे गोमेद आणि केतूचे लसण्या. यांतले मोती आणि पोवळे हे दगड नव्हेतच. मोती शिंपल्यातल्या जिवाच्या पोटी तयार होतो आणि पोवळे हे समुद्रातल्या बारीक जिवांचे घर असते. दोन्ही एका परीने चुन्याच्याच जातीचे. माणिक आणि नीलम यांची गंमत तर याहून मोठी आहे. माणिक आवडीने घालतात, आणि नीलम म्हटले की माणूस बिचकतो. लाभले तर राजा करील, नाही तर रस्त्यावर आणील असे म्हणतात. पण रत्ने तपासणारे शास्त्र सांगते की दोन्ही एकाच जातीचे दगड आहेत. घडण तीच, कणभर वेगळी धातू मिसळली की एक तांबडा होतो आणि एक निळा. पुराणात शनी हा सूर्याचाच मुलगा म्हटला आहे. बापलेकांचे खडेही एकाच कुळातले निघाले! भीती मात्र लेकाच्याच खड्याची.

उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकात, बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात ती चालुक्य राजांची राजधानी कल्याणी होती आणि आपला मुलूख त्यांच्याच राज्यात मोडत असे. त्या घराण्यातल्या सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात रत्नांची पारख आहे, अलंकारांचे प्रकरण आहे, आणि कोणत्या फुलांच्या माळा कशा वापराव्यात याचेही वेगळे प्रकरण आहे. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, याचीही नोंद त्यात सापडते. राजाच्या ग्रंथात आपल्या ओवीला जागा मिळाली, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

आता आपल्या तुळजाभवानीकडे या. आराधी आणि गोंधळी मंडळींच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. या कवड्या मुख्यतः मालदीव बेटांकडच्या समुद्रातून येत. एके काळी त्या बाजारात नाण्यासारख्या चालत आणि नाण्यांत सर्वांत हलके नाणे कवडीचेच. म्हणून आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, कंजूष माणसाला ‘कवडीचुंबक’ म्हणतो. पण तीच कवडी आईच्या नावाने गळ्यात पडली की तिच्यापुढे सोने फिके पडते. बाजाराने तिला एक अर्थ दिला, भक्तीने दुसरा. कवडी बिचारी समुद्रातलीच.

एवढे सगळे सांगितले ते पुढच्या गोष्टीसाठी. ती म्हणजे आपले काळे मणी.

मंगळसूत्र हे सौभाग्याचे सर्वांत मोठे लेणे आपण मानतो, आणि ते अगदी वेदकाळापासून आले असावे असा आपला समज असतो. परंतु विवाहाचे विधी सांगणारी जुनी गृह्यसूत्रे आहेत त्यांत मंगळसूत्र बांधण्याचा विधी नाही. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे दाखवून दिले आहे. तेव्हाचे मुख्य विधी म्हणजे हात हातात घेणे, अग्नीभोवती फिरणे आणि सप्तपदी. मंगळसूत्र पुढच्या काळात आले. नथीचेही तसेच. अजिंठ्याच्या चित्रांत बायकांच्या अंगावर इतके दागिने आहेत, पण नथ कोणाच्या नाकात नाही. मंगळसूत्राचा मान मी कमी करत नाही. माझ्याही गळ्यात ते आहे आणि मला ते प्रिय आहे. सांगायचे एवढेच की, ज्या रीतीला आपण अनादि समजतो, तिलाही सुरुवात होती.

आणि काळा रंग? आपल्याकडे काळे मणी दृष्ट लागू नये म्हणून, म्हणजे नवऱ्याचे रक्षण व्हावे म्हणून. विलायतेत काय झाले ते पाहा. व्हिक्टोरिया राणीचे यजमान प्रिन्स आल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी वारले. राणीने पुढे चाळीस वर्षे, मरेपर्यंत, काळी वस्त्रे घातली. तिचे पाहून तिकडच्या विधवा बायकांत काळ्या चकचकीत मण्यांच्या माळा घालण्याची रीत फार वाढली. हे मणी व्हिटबी नावाच्या गावाकडे सापडणाऱ्या ‘जेट’चे असत, जमिनीखाली युगानुयुगे दबून दगडासारखे झालेले ते लाकूडच. तिथे गळ्यातले काळे मणी सांगत, ‘हिचा नवरा गेला.’ आपल्याकडे गळ्यातले काळे मणी सांगतात, ‘हिचा नवरा आहे.’ मणी तसेच काळे. एका घाटावर त्यांचा अर्थ वैधव्य, दुसऱ्या घाटावर सौभाग्य.

मराठ्यांच्या इतिहासातही एक गोष्ट आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मोठा घात झाला. ती बातमी दक्षिणेत आली ती सावकारी पत्राच्या भाषेत, असे सांगतात. दोन मोती गळून पडले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याचा हिशेबच नाही, अशा अर्थाचा तो मजकूर. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या आणि परत आल्या. भाऊ गेले हे त्यांनी मान्य केले नाही. अखेरपर्यंत त्या सौभाग्यवतीच्या वेषातच राहिल्या, आणि पेशव्यांच्या घराने ते चालू दिले. त्या काळचे पुणे रीतीरिवाजांत किती कडक होते ते आपण जाणतो. तिथेही एका बाईच्या मनासाठी घर थांबले. याचा अर्थ घराने मनात आणले तर थांबता येते.

उलट बाजूही आपल्याच जवळ आहे. वारकरी बाईच्या गळ्यात तुळशीची माळ असते. नवरा गेला म्हणून ती माळ काढ, असे तिला कोणी म्हणत नाही. आपल्या लिंगायत भगिनींच्या गळ्यात इष्टलिंग असते. बसवेश्वरांनी बाराव्या शतकात ते बाई-पुरुष दोघांनाही दिले; ते आयुष्यभर अंगावर राहते. या दोन्ही खुणा बाईच्या आणि देवाच्या नात्याच्या आहेत, म्हणून त्या कोणाच्या जाण्याने उतरत नाहीत. आपल्याच संतांनी दाखवलेली ही वाट आहे.

आता आपल्या गावाविषयी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथे कोणाला सांगायला नको. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते. चार वाजायच्या सुमारास धरणी हलली. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि किल्लारीबरोबर आपल्या सास्तूरचेही नाव देशभर पोचले ते असे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ज्या दगडाचा पिढ्यान्‌पिढ्या आधार वाटला, तोच अंगावर आला. साध्या दगडाचाही अर्थ एका पहाटेत बदलतो, हे या गावाइतके कोणाला ठाऊक असणार? पुढे कितीतरी दिवस लोकांना दगडी घरात निजायची भीती वाटे.

त्या पहाटे कितीकींचे कुंकू गेले, असे आपण बोलतो. गेली ती माणसे, भगिनींनो. कुंकू पुसले ते आपण. ढिगाऱ्यातून वाचलेल्या बायकांच्या बांगड्या फोडायला आणखी कोणी परके आले नव्हते. त्या बायकांनी पुढे काय केले, तेही आपण पाहिले आहे. पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, नव्या गावठाणात घर लावले, शेत केले, मुले शिकवली, सुना आणल्या. आज नातवंडांना सांभाळणाऱ्या या आज्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र दाराशी थबकतात, किंवा आत बसून तिळगुळ वळतात. कोणी गजरा पुढे केला तर ‘मला कशाला ग बाई’ म्हणून हात मागे घेतात. देणारीचाही हात मध्येच थांबतो.

कायद्याने पुष्कळ केले. १८५६ साली विधवांच्या विवाहाचा कायदा झाला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्वतः विधवेशी लग्न करून दाखवले. १९५६ च्या वारसा कायद्याने बाईच्या मालमत्तेवर आणि दागिन्यांवर तिचा पूर्ण हक्क मानला. पण कपाळ आणि वेणी या गोष्टी कायद्याच्या हातच्या नाहीत; त्या शेजारणींच्या हातच्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. त्या गावाने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे आमच्या गावात बंद. पुढे १७ मे २०२२ रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही असे करावे म्हणून सांगितले. हेरवाड हे आपल्यासारखेच एक खेडे आहे.

कोणी म्हणेल, जुन्याजाणत्यांनी घालून दिलेली रीत आपण का मोडावी? प्रश्न योग्य आहे. रीतीने माणसे एकत्र राहतात हे मलाही मान्य आहे. पण वर जे पाहिले त्यावरून रीत ही वाहत आली आहे. परदेशातले झेंडू आपण देवीच्या घटाला चढवले, परक्या समुद्रातले पोवळे सौभाग्याच्या पोतीत ओवले, आणि कवडीला देवीच्या माळेत बसवले. आपल्या आज्या-पणज्यांनी इतके नवे अर्थ लावले, तर एक अर्थ आपणही लावायला काय हरकत आहे? दुसरी कोणी म्हणेल, ‘माझेच मन होत नाही.’ तेही खरे मानावे. ज्या बाईला फूल माळायचे नाही, तिच्यावर जबरदस्ती करू नये. न माळणे हा तिचा अधिकार आहे. पण ‘तू माळू नको’ असे सांगण्याचा अधिकार आपला नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. या वर्धापनदिनाला सभामंडपाच्या दाराशी गजऱ्यांचे एकच ताट ठेवावे. हळदीकुंकवाचा करंडाही तिथेच असावा. येणाऱ्या प्रत्येक बाईपुढे ते ताट सारखेच धरावे, आधी कपाळाकडे पाहून मग हात पुढे करू नये. फुले आपल्याच परसातली आणि शेतातली असावीत. पहिला गजरा मंडळातल्या सर्वांत वयस्कर आजींना द्यावा, मग त्यांचे यजमान हयात असोत वा नसोत. त्यांनी घेतला तर बाकीच्या संकोचणार नाहीत.

मोगरा तोडताना तो काही विचारत नाही. विचारणाऱ्या आपण. तेव्हा यापुढे आपणही विचारू नये, एवढीच विनंती.